मनाली-लेह मोटारसायकलवर दोघांनी करायचं: नागपूरहून आपली गाडी न्यावी, की तिथेच भाड्याने घ्यावी?

नागपूरहून चालवत जायचा पर्याय आधी बाजूला ठेवतो. महामार्ग 44 आपल्या दारातून जातो आणि त्याचं वरचं टोक थेट श्रीनगरला आहे, म्हणून मोह होतो हे खरं. पण बर्फ हटून तिकडचे घाट मोकळे होतात तेव्हा आपल्याकडे मे-जूनचं ऊन असतं, आणि झाशी-ग्वाल्हेर-आग्रा पट्टा तर आपल्याहून बरा नसतो. मनालीला पोचेपर्यंतच दीड हजारांवर किलोमीटर होतात आणि त्यात एकही घाट लक्षात राहावा असा नाही. ज्यांना तेच आवडतं त्यांच्याशी माझं भांडण नाही.

उरले दोन: आपली गाडी रेल्वेने दिल्ली किंवा चंदीगडला टाकायची, नाहीतर मनालीत भाड्याची घ्यायची. दोस्तासोबत मी दोन्ही करून पाहिलंय.

भाड्याच्या गाडीची सोय मोठी आहे. खांद्यावर बॅग टाकून निघा, मनालीत उतरा, दुसऱ्या सकाळी किक मारा. दोन्ही बाजूंचं कॅरियर आणि पेट्रोलच्या कॅनची जागा तयारच असते. मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपावरची, पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी सगळ्यांनीच फोटोत पाहिलेली असते, तेव्हा कॅनचं वेगळं सांगत नाही. शिवाय परत आल्यावर गाडीचा कोनसेट (हँडलखालचे बेअरिंग), चेन, ब्रेकपॅड यांची काळजी आपली नसते. सुट्टी आठ-दहा दिवसांचीच असेल तर विचारच करू नका, भाड्याचीच घ्या.

रेल्वेचं प्रकरण सोपं नाही. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात, स्टेशनबाहेर गोणपाट बांधून घ्यावं लागतं. आरसे काढून बॅगेत ठेवा, हँडलला गुंडाळलेले पोचतीलच असं नाही. तिकीट हातात असेल तर गाडी लगेज म्हणून टाकावी, पार्सल म्हणून नाही, म्हणजे ती आपल्याच ट्रेनने येण्याची शक्यता जास्त. तरी शक्यताच म्हणतोय. दिल्लीकडच्या बऱ्याचशा गाड्या दक्षिणेतून भरून येतात, नागपूरला थोडा वेळ थांबतात, आणि सामानाच्या डब्यात जागा नसली की आपली मोटारसायकल फलाटावरच राहते. म्हणून तिकडे एक रिकामा दिवस धरूनच चालायचं. खर्चाचं म्हणाल तर दोन्हीकडची रेल्वे, बांधणी, जाण्याआधीची सर्व्हिसिंग सगळं जोडलं की आपली गाडी फारशी स्वस्त पडत नाही. पंधरा दिवस फिरणार असाल तर पडत असावी.

इथपर्यंत पारडं भाड्याच्या बाजूलाच आहे. माझ्यापुरतं ते फिरवलं क्लचने.

लिव्हर सोडताना प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या ठिकाणी पकडतो. नागपुरात व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला याने काही बिघडत नाही. वर बिघडतं. बारालाचा हा घाट 4,800 मीटरच्या वर, तांगलांगला हा घाट 5,300 च्या आसपास, आणि तेवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. इंजेक्शनवाली गाडी पेट्रोलचं प्रमाण सांभाळून घेते, पण हवाच कमी म्हटल्यावर ताकद कुठून आणणार? मग चढाच्या वळणावर पहिला गिअर, हाफ क्लच आणि मनातल्या मनात देवाचं नाव. सारचूच्या पुढे गाटा लूप्सला अशी एकवीस वळणं आहेत. माझ्या भाड्याच्या गाडीचा क्लच अगदी शेवटी, लिव्हर जवळजवळ पूर्ण सुटल्यावर पकडायचा. केबल सैल करून पाहिली, फरक पडला नाही. वळणावर गाडी एकतर बंद पडायची, नाहीतर हिसका देऊन कडेला जायची. पुढच्या वळणावर थांबलेला दोस्त दर वेळी ओरडायचा, "काहून बे, आता काय झालं?" सांगण्यासारखं काहीच झालेलं नसायचं. रस्ता ओलांडणाऱ्या नाल्यातही तेच. दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं, खाली गोटे, आणि तिथे क्लच सोडायचा अंदाज चुकला की बुटात पाणी.

तांगलांगलाचा घाट उतरेपर्यंत हात बसला, हे कबूल करायला हवं. पण लेहला पोचलं की बाहेरून भाड्याने आणलेल्या गाड्या खार्दुंगला, नुब्रा, पँगाँगला नेऊ देत नाहीत. तिथल्या भाड्याने देणाऱ्यांच्या संघटनेचा तो नियम आहे, आणि काळ्या पाटीवरचे पिवळे आकडे लांबूनच दिसतात. त्यांच्या बाजूने पाहिलं तर नियम समजण्यासारखा आहे, हंगाम चारच महिन्यांचा. आपली मात्र मनालीची गाडी हॉटेलात उभी, तिचं भाडं चालू, आणि हाताखाली नवीन गाडी, नवीन क्लच. पुन्हा पहिल्यापासून.

पुढच्या खेपेला स्वतःची जुनी साडेतीनशे सीसीची गाडी नेली. ती काही घाटात जास्त ताकद दाखवत नव्हती, चढाला दोघीही सारख्याच रडतात. पण ती कुठे रडणार हे मला आधी माहीत होतं. धरमपेठेतल्या मिस्त्रीने निघण्याआधी नवीन क्लच केबल टाकून दिली होती आणि जुनी टाकीखालून बांधून ठेवली होती. दोस्ताचीही तीच गाडी, म्हणून ट्यूब, लिव्हर, केबल यांचा एकच संच दोघांत पुरला. गाटा लूप्सला या वेळी तो मागे होता.

आपली न्यायची असेल तर आरसी स्वतःच्या नावावर आहे ना ते पाहा. वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर त्यांचं सहीचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत जवळ असू द्या, कारण खाजगी नंबरच्या गाड्या लपूनछपून भाड्याने देणारे असतात आणि त्यामुळे विचारपूस होते.

भाड्याचीच घ्यायची तर मनालीपेक्षा विमानाने लेह गाठून तिथली घेतलेली बरी, असं मला वाटतं. एकाच गाडीवर सगळं होतं. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तेव्हा पहिले दोन दिवस गाडीला हात न लावता झोपून काढावे लागतात, आणि मनालीकडचे घाट मात्र राहून जातात.

एवढं मात्र करू नका: एकाची गाडी स्वतःची आणि दुसऱ्याची मनालीतून भाड्याची. लेहला गेल्यावर एकजण पँगाँगला निघतो आणि दुसरा दुकानापुढे डिपॉझिटवरून घासाघीस करत उभा असतो.