वेधशाळेची सहल: मुलं खूश, पण दुर्बिणीची रांग फार मोठी

सातवीच्या 48 मुलांना घेऊन डिसेंबरअखेरीला इथे आलो होतो, संध्याकाळी सहा ते नऊचा कार्यक्रम. तारीख ठरवतानाच वेधशाळेच्या लोकांनी स्वतःहून सांगितलं की पौर्णिमेला येऊ नका, अष्टमीच्या आसपास या, पौर्णिमेला चंद्रावर समोरून ऊन पडतं, सावल्याच नसतात, मग सगळं सपाट दिसतं. आणि खरंच, अर्ध्या चंद्रावर उजेड संपतो त्या कडेला विवरं इतकी ठळक दिसत होती की एक मुलगी नेत्रिकेवरून डोळाच काढेना.

शनीच्या वेळी मात्र मुलं हिरमुसली. पुस्तकात कडी केवढी रुंद आणि इथे नुसती बारीक रेघ, "मॅडम, कडी कुठे गेली?" तिथल्या ताईंनी लेक्चर न देता एक स्टीलची ताटली घेतली, तिरकी धरली आणि हळूहळू तिची कड मुलांच्या डोळ्यासमोर आणली, ताटलीची झाली रेघ! मग सांगितलं की शनीला सूर्याभोवती फिरायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, त्यात दोन वेळा कडी आपल्याला अशी कडेवरून दिसतात, 2025 च्या मार्चमध्ये तेच झालं, आता दरवर्षी थोडी थोडी उघडत जातील. "म्हणजे मी बारावीत असेन तेव्हा मोठी दिसतील?" एकाने विचारलं. ताई म्हणाल्या, "हो, तेव्हा परत ये." मला हे फार आवडलं.

हॉलमधला रॉकेटचा स्लाइड शो ठीक, जरा लांबला.

आता तक्रार. दुर्बीण एकच आणि तिची ट्रॅकिंगची मोटर बंद, त्यामुळे पृथ्वी फिरते तसा ग्रह सरकून जायचा आणि दर तीन-चार मुलांनंतर परत लावावा लागायचा, शेवटच्या मुलांना जेमतेम अर्धा मिनिट मिळालं, गुरूचे चार चंद्र तर त्यांना मोजताही आले नाहीत. शिवाय पार्किंगचा पांढरा फ्लडलाइट चालूच. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि असा एक झोत पडला की सगळं पहिल्यापासून, हे वेधशाळेनेच सांभाळायला हवं ना.

कुणी शाळा घेऊन जाणार असेल तर एका वेळी वीस-पंचवीसच मुलं न्या आणि टॉर्चला लाल जिलेटिन पेपर लावा. आम्ही फेब्रुवारीत सहावीला आणतोय, दोन बॅचमध्ये, मोटर तोवर नक्की दुरुस्त करून ठेवा.