काजूच्या बागेसाठी घेतलेला पेट्रोल ब्लोअर : दोन उन्हाळ्यांनंतर

आमची साडेतीन एकर काजूची बाग जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अलीकडं. वरच्या अंगाला रान लागूनच आहे. फेब्रुवारी लागला की ऐन, किंजळ, साग पानं टाकायला लागतात आणि घोटाभर पाचोळा साठतो. तीन वर्षांमागं खालच्या कुणीतरी दुपारचं बांधावरचं गवत पेटवलं, वारा फिरला आणि आग रानातून बागेत आली. वेंगुर्ला-४ ची चाळीस कलमं गेली. वरून शेंडे हिरवे दिसत होते, पण बुंध्याची साल बोटानं दाबली की भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटून यायची. पंधरा दिवसांत सगळी वाळली.

त्यानंतर हा ब्लोअर घेतला, बेळगावात अवजारांच्या दुकानातून, ९,२०० रुपयांना. हातात धरायचा, टू-स्ट्रोक, लिटरभर पेट्रोलला ४० मिली ऑइल. एका टाकीत पाऊण तास चालतो. रानाच्या कडेनं तीनशे मीटर लांब, दहा फूट रुंद जाळरेषा, म्हणजे आग अडवायला पानं काढून मोकळा केलेला पट्टा, काढायला आधी चार माणसं दोन दिवस झाडू मारायची. आता मी एकटा सकाळी सात ते अकरा. पहिल्या दिवशी शेजारचे आप्पा बांधावरनं ओरडले, "काय करुलास रं, पानं उडवून?" मी म्हटलं, "आप्पा, हिकडं या, बघा की." मागं नुसती लाल माती दिसत होती. पुढच्या आठवड्यात त्यांनी तोच मागून नेला.

पण पानांपुरताच हा उपयोगी. मुळं धरलेलं गवत याला हलत नाही, ते आधी कोयत्यानं नाहीतर ब्रश कटरनं काढावं लागतं. ओल्या पानांवर चालवू नका, दव उतरू द्या. आणि एकदा मारून भागत नाही, मार्चअखेरपर्यंत दर आठ दिवसांनी पुन्हा पानं पडलेली असतात.

पानं कुठं ढकलायची, हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. मी सगळा पाचोळा रानाच्या बाजूला ढकलला आणि तिथं कमरेएवढा बांध तयार झाला. तो पेटला असता तर ज्वाळा पट्टा ओलांडून आल्या असत्या. आता बागेकडं ढकलतो, पट्ट्यापासून लांब नेतो आणि आळ्यात पातळ पसरून वर माती टाकतो. त्यानं ओलही धरते.

रानात माजणाऱ्या घाणेरीच्या झुडपांचं (लँटाना) काय करायचं, हा खरा प्रश्न. माझी मुलगी धारवाडला वनस्पतिशास्त्र शिकते. तिनं मला अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम् यांचा २००५ चा लेख वाचून समजावला. त्यांचं म्हणणं असं, की आग लागली की रान मोकळं होतं, मोकळ्या जागेत घाणेरी घुसते, उन्हाळ्यात वाळून तीच सरपण होते आणि पुढची आग जास्त उंच चढते. आमच्या वरच्या कोपऱ्यात मी हेच बघितलंय. जळालेल्या जागेत दुसऱ्याच पावसाळ्यात घाणेरी आणि रानमोडी छातीला लागली.

मग दक्षिण कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगनबेट्टा डोंगरातल्या सोलिगा आदिवासींचं तिनं सांगितलं. ते पूर्वी हंगामाच्या सुरुवातीलाच पाचोळ्याला हलकी आग लावत, 'तरगु बेंकी' म्हणत त्याला. ती बंद झाल्यावर घाणेरी माजली, असं त्यांचं सांगणं. संशोधकांनी तिथले तेच तुकडे १९९७ ला आणि पुन्हा २००८ ला मोजले, तेव्हा घाणेरी कैक पटीनं वाढलेली होती. म्हणजे सगळ्या आगी सारख्या नसतात. हे ऐकून मी दोन दिवस विचार करत होतो. पण ते रान त्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचं. आमच्याकडं काजूची कोवळी कलमं, आणि पेटवणारा कोण, कधी पेटवेल, याचा नेम नाही. पलीकडं २०११ ला अभयारण्य झालेला भीमगड. इथं मी काडी लावणार नाही. घाणेरी पावसाळ्यात माती मऊ असताना मुळासकट उपटतो, त्याला यंत्र नाही.

तक्रार एक आहे. तिसऱ्या आठवड्यात स्टार्टरची दोरी तुटली. दुकानदार म्हणाला, कंपनीकडं पाठवावा लागेल. बारा दिवस गेले, ऐन पानगळीत. म्हणून घेतानाच जादा दोरी आणि स्पार्क प्लग मागून घ्या, बदलायचं कसं ते तिथंच बघून घ्या. सायलेन्सर फार तापतो. पेट्रोल भरताना मशीन पाचोळ्यावर ठेवू नका, उघड्या दगडावर ठेवून दहा मिनिटं थंड होऊ द्या. आग रोखायला नेलेल्या यंत्रानंच आग लागायला नको. चष्मा आणि नाकाला रुमाल लागतोच, कानात कापूसही.

गेल्या मार्चमध्ये वरून आग परत आली. रात्री नऊला आम्ही पट्ट्यावर उभे होतो, हातात ओल्या फांद्या. ज्वाळा गुडघ्याएवढ्या होत्या. लाल मातीपर्यंत आल्या, कडेकडेनं पन्नास पावलं सरकल्या आणि बसल्या. एक ठिणगी आत पडली, ती मुलीनं पायानं विझवली. कलमं सगळी शाबूत आहेत. यंदा पट्टा पंधरा फुटांचा करतोय.