गुडघ्याचं ऑपरेशन: पेशंटच्या मापाचा ब्लॉक की नेहमीची जिग?

साध्या झिजलेल्या गुडघ्याचा सांधा बदलायला नेहमीची स्टीलची जिग, म्हणजे हाड कापताना करवतीला दिशा देणारा साचा, पुरते. त्याच कामाचा, पण पेशंटच्या मापाने छापलेला नायलॉनचा ब्लॉक, म्हणजे पीएसआय, मोजक्याच गुडघ्यांना खरोखर लागतो. इंदूरला रामबागेत किंवा लोकमान्य नगरात आजींचं ऑपरेशन ठरत असेल आणि हा पर्याय पुढे आला, तर पैसे भरण्याआधी एवढं वाचा.

जिगच्या पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत रॉड घालून साधारण 5 ते 7 अंशांच्या कोनात हाडाचं खालचं टोक कापतात. नडगीची जिग बाहेरून, घोट्याच्या मध्याशी जुळवून लावतात. पीएसआयला रॉड लागत नाही. आधी सीटी किंवा एमआरआय होतो, कॉम्प्युटरवर काप ठरतात, सर्जन ते तपासून मंजूर करतो आणि मग ब्लॉक छापून येतो. यात काही आठवडे जातात.

पीएसआयला रॉड लागत नाही, म्हणून जुन्या फ्रॅक्चरने मांडीचं हाड वाकडं जुळलं असेल, किंवा आत रॉड वा प्लेट असेल, तर पीएसआय जरूर घ्यावा. धातू असताना एमआरआयचं चित्र बिघडतं, तिथे सीटीच करावा.

चूक होते ती बहुधा ब्लॉक बसवताना. प्लॅनमध्ये धरलेले ऑस्टिओफाइट, म्हणजे कडेला वाढलेलं हाड, आधीच काढून टाकलं तर ब्लॉक डुगडुगतो. सीटीत कूर्चा नीट दिसत नाही, त्यामुळे टेकायच्या जागी ती खरवडून हाड उघडं करावं लागतं. नडगीचा ब्लॉक जास्त दगा देतो. मध्ये थोडी चरबी अडकली तरी कापाचा उतार बदलतो. पिना मारल्यावर बाहेरून रॉड लावून पायाची रेषा पाहावीच, आणि नेहमीच्या जिगचे ट्रे निर्जंतुक करून हाताशी ठेवावेत.

फायदा म्हणाल तर ट्रे कमी लागतात, थोडी मिनिटं वाचतात. पाय सरळ येण्यात किंवा नंतरच्या चालण्यात आजवरच्या अभ्यासांत ठाम, सातत्याचा फरक दिसलेला नाही. लिगामेंटचा, म्हणजे हाडांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचा, ताण दोन्ही बाजूंनी सारखा करणं कुठलाच ब्लॉक करत नाही. ते सर्जनच्या हातातच आहे, आणि आमच्या मते डॉक्टर निवडताना हेच आधी पाहावं.

गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला ऑगस्ट 2017पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. स्कॅन आणि ब्लॉकचा खर्च वेगळा लागणार का, ते लेखी विचारा. स्कॅनच्या वेळी आजींचा पाय हलला, तर तो स्कॅन पुन्हा करायला सांगा. हललेल्या स्कॅनवरून छापलेला ब्लॉक हाडावर नीट बसणार नाही.