बाइकमधून कटकट आवाज येतोय म्हणून पार्ट बदलायला सांगतायत? आधी हे वाचा

माउंटन बाइक चालवणाऱ्यांनी हे नक्की वाचा, कारण माझ्या बाबतीत जे झालं ते कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं आणि आवाज शोधण्याच्या नावाखाली अगदी सहज होतं. दुकानाचं नाव घेत नाही, पद्धत सांगतो.

आवाज कसा होता ते आधी सांगतो. चढावर जोर लावला की कट्, कट्, दोन्ही पायांच्या दाबाला एकेकदा. सपाट रस्त्यावर हलकं पेडल मारलं तर काही नाही, पेडल थांबवून बाइक नुसती सोडली तरी एकदम गप्प. हे सगळं मी मेकॅनिकला नीट सांगितलं. त्याने बाइक स्टँडवर चढवली, हाताने क्रँक (पेडल लागतात ते दांडे) दोनदा फिरवला आणि म्हणाला, "बीबी गेलाय, बदलावा लागेल." बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा आस ज्यात फिरतो ते फ्रेममधलं बेअरिंग. चालवून बघितली नाही. आता जो आवाज वजन आणि जोर पडल्यावरच येतो तो स्टँडवर हाताने फिरवून कसा कळणार? पण बॉटम ब्रॅकेट हे उत्तर सोयीचं असतं, कारण आवाज खरंच खालून आल्यासारखा वाटतो आणि तो पार्ट आत असल्यामुळे गिऱ्हाइकाला दिसत नाही.

बीबी बदलला म्हणून बिल घेतलं. काही दिवस बाइक शांत होती, मग परत तेच. दुसऱ्या वेळी मागच्या हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) बेअरिंग गेलेत म्हणून बिल, परत थोडे दिवस शांत, परत कटकट. (दोन्ही वेळा मागचं चाक काढून बाइक धुतली होती, तेल मारलं होतं, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.) तिसऱ्या वेळी त्याने टॉर्च लावून चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) आणि बीबी शेल (बीबी बसतो तो फ्रेमचा भाग) जिथे जुळतात तिथली एक बारीक काळी रेघ दाखवली आणि म्हणाला फ्रेमला क्रॅक आहे, ॲल्युमिनियम आहे, वेल्डिंग करून उपयोग नाही, उतारावर तुटली तर जिवावर बेतेल, ही फ्रेम मी भंगारच्या भावात घेतो आणि तुम्हाला नवीन मागवून देतो.

मला सगळ्यात जास्त चीड याची येते. कारण यातलं निम्मं खरं आहे! क्रॅक गेलेली ॲल्युमिनियमची फ्रेम खरंच धोक्याची असते, वेल्ड केल्यावर हीट ट्रीटमेंट लागते, ती कुणी सहसा करत नाही. जिवाची भीती घालून चांगली फ्रेम भंगारात काढायची आणि वर नवीन विकायची, हा सरळसरळ दरोडा आहे.

बाइक घरी आणली. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन ती रेघ पुसली, बरीचशी निघूनच गेली. जे उरलं ते रंगावरचा ओरखडा, नख अडकत नव्हतं. तरी फ्रेमच्या बाबतीत अंदाजावर राहायचं नाही म्हणून फ्रेम दुरुस्ती करणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून डाय पेनेट्रंट टेस्ट करून घेतली. त्यात लाल रंग लावतात, थोडा वेळ मुरू देतात, पुसतात, वर पांढरा डेव्हलपर मारतात, क्रॅक असेल तर लाल रेघ वर येते. काहीही आलं नाही, फ्रेम ठणठणीत.

मग क्रँक काढला. बीबीच्या कपच्या (बेअरिंगच्या बाहेरच्या वाटीच्या) कडेला पूर्वी पाना सटकून पडलेला एक खाचा होता, बाइक साफ करताना काढलेल्या जुन्या फोटोत तो स्पष्ट दिसतो. "नवीन" बीबीवर त्याच जागी तोच खाचा! म्हणजे पार्ट बदललाच नव्हता, पुसून चकचकीत करून परत बसवला होता. आणि बीबी मुळात खराब नव्हताच. काढायच्या आधी चेन चेनरिंगवरून (पुढच्या दातेरी चकतीवरून) उतरवून क्रँक मोकळा फिरवला तर मऊ फिरत होता, खरखर नाही, आणि क्रँकचे दोन्ही दांडे धरून आडवा हलवला तर जराही प्ले (ढिलेपणा) नाही.

आता खरा आवाज. सीटवरून उठून चालवलं तरी येत होता, म्हणजे सीटपोस्ट आणि सीटचे रेल संशयातून सुटले. एका पेडलची भानगड असती तर एकाच बाजूला वाजलं असतं, तरी मित्राचे पेडल लावून बघितले, तेच. चेनरिंगचे बोल्ट काढून साफ करून बसवले, तेच. मग मागचं चाक काढलं आणि डिरेलर हँगर (मागचा गियर बदलणारा डिरेलर ज्याला लागतो तो फ्रेमवरचा छोटा तुकडा) बघितला. स्क्रू किंचित ढिला, आणि हँगर काढल्यावर त्याच्या मागे फ्रेमला चिकटलेली काळपट बारीक पूड, बोटाला लावली तर चरचर लागत होती. कोरडं ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमवर घासत होतं. साफ केलं, पातळ ग्रीस लावलं, स्क्रू कसला, थ्रू ॲक्सलही (चाकातून आरपार जाणारा आस) पुसून ग्रीस लावून बसवला. आवाज बंद, चढावर उभं राहून कितीही जोर लावा.

पेडलवर जोर पडला की चेन मागचा भाग खेचते, तेव्हा हँगरचा सांधा हलतो, म्हणून आवाज पेडलच्या लयीत येतो आणि पोकळ नळ्यांमधून पुढे जाऊन पायाखाली ऐकू येतो. प्रत्येक वेळी धुताना तिथे थोडं पाणी-तेल जायचं, म्हणून काही दिवस शांतता मिळायची आणि "दुरुस्त झालं" असं वाटायचं.

फोटो आणि कप घेऊन दुकानात गेलो. आधी म्हणाला नवीन पार्टलाही खाचा पडू शकतो, जुना पार्ट दाखवा म्हटल्यावर म्हणे भंगारात गेला. चार गिऱ्हाइकं समोर उभी होती, शेवटी बीबीचे पैसे परत दिले. हबचे नाही दिले, कारण त्याचा माझ्याकडे पुरावा नव्हता.

तेव्हा बाइक द्यायच्या आधी बीबीचे कप, हब, हेडसेट (हँडल फिरतं तिथले बेअरिंग) यांचे जवळून फोटो काढा, कुठेतरी मार्करने बारीक खूण करा, आणि जुना पार्ट हातात मिळाल्याशिवाय बिल भरू नका. मेकॅनिकने स्वतः बाइक चालवून आवाज ऐकलाच पाहिजे, नाही म्हणाला तर बाइक परत घेऊन या. घरी उघडणार असाल तर डावा पेडल उलट आट्याचा असतो, आणि आट्यांच्या बीएसए प्रकारच्या बीबीत उजवा कप उलट आट्याचा, जोर लावून आटे घालवू नका. कार्बनच्या सीटपोस्टला ग्रीस नाही, कार्बन पेस्ट लावायची. डिस्क रोटरला ग्रीसचा हात चुकूनही लागू देऊ नका. फुल सस्पेन्शनवाल्यांनी पिव्होटचे (फ्रेमच्या हलत्या सांध्यांचे) बोल्टही बघा, पण कंपनीने दिलेल्या टॉर्कवरच कसा.