ज्येष्ठांसाठीचा दहा आठवड्यांचा ‘मनाचा’ कोर्स : साडेतीन स्टार, अर्धा कुंडीपायी कापला

आधीच सांगते, मी स्वतःहून गेले नव्हते. भाचीने परस्पर फॉर्म भरला आणि मग फोन, "मावशी, आठवड्यातून एकदाच गं, दोन तास, नाही आवडलं तर सोडून दे". माझं वय ७१, आयुष्यभर प्रूफं तपासली, त्यामुळे कागद हातात आला की आधी चुका दिसतात आणि मग मजकूर, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. कोर्सवाल्यांचं नाव देत नाहीये कारण तक्रारीपण लिहायच्यात, आणि असे कोर्स आता बरेच निघालेत, कुठलाही घ्यायचा झाला तर काय बघून घ्यायचं एवढं कळलं तरी पुरे.

पहिल्या दिवशी १५ प्रश्नांचा हो-नाहीचा फॉर्म. हा त्यांनी घरी बसून केलेला नाही, वयस्कर माणसांमधलं डिप्रेशन चाचपायला जगभर वापरतात तोच आहे, मूळचा ३० प्रश्नांचा, हा छोटा अवतार. एक गोष्ट मला फार आवडली, त्यात झोप लागते का, भूक लागते का, अंग दुखतं का असले प्रश्नच नाहीत, कारण आमच्या वयात त्याला शंभर शारीरिक कारणं असतात, त्यावरून मनाचं काही कळत नाही. विचार करून केलेलं काम आहे. पण भरून घेतलेल्या फॉर्मचं पुढे काय झालं ते चौथ्या आठवड्यात मी स्वतः विचारलं तेव्हा सांगितलं. अहो, तपासायला घेतलेला कागद परत मागायला लागावा का? एक मात्र मान्य, आमच्यातल्या एका बाईंना बाजूला घेऊन, बाकी कोणाला न कळू देता, डॉक्टरांकडे जायला सांगितलं होतं हे त्या बाईंनीच नंतर सांगितलं. आणि ‘वय झालं की उदास वाटणारच’ हे साफ चूक आहे, म्हातारपणातलं डिप्रेशन हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात, हे पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं. त्याचे पूर्ण मार्क.

आता बोलण्याची पद्धत. शिकवणारी मुलगी चांगली, अभ्यास आहे तिचा, पण पहिले दोन आठवडे "आता आपण सगळ्यांनी डोळे मिटायचे हं", "अरे वा, आजी, शाब्बास!" असं चाललेलं. या ‘आपण’ला माझा जुना आक्षेप आहे, बाळाला आणि म्हाताऱ्याला सोडून हा आपण कोणी कोणाला वापरत नाही. अशा लाडिक बोलण्यावर संशोधनसुद्धा झालंय आणि म्हातारी माणसं त्याने सुखावत नाहीत, आपल्याला काही जमत नाही असं त्यांना वाटायला लागतं, हे त्यांच्याच दुसऱ्या आठवड्याच्या हँडआऊटमध्ये छापलेलं होतं!! मी पान उघडून तिच्यापुढे धरलं. लाल झाली बिचारी, पण तिसऱ्या आठवड्यापासून सगळ्यांना नावाने आणि अहो-जाहो.

हँडआऊट बरे आहेत. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनचे आयुष्याचे आठ टप्पे दिलेत, शेवटच्या टप्प्यात माणूस मागे वळून बघतो आणि एक तर ‘झालं ते माझंच होतं’ असं म्हणू शकतो, नाही तर हळहळत बसतो. पण हे १९५० चं. त्याची बायको जोन एरिक्सन, जी सगळ्या कामात बरोबर होती, तिने नवरा गेल्यावर, स्वतः नव्वदी ओलांडल्यावर, १९९७ साली नववा टप्पा जोडला, कारण खरोखर तिथे पोचल्यावर तिला कळलं की आठव्यात सगळं मावत नाही, शरीर साथ सोडतं तेव्हा आधीचे सगळे टप्पे उलटे होऊन परत समोर येतात, भरवसा, स्वतःचं स्वतः करणं, सगळं. हे हँडआऊटमध्ये नाही. ज्या वर्गात चारजण पंच्याऐंशीच्या पुढचे आहेत तिथे नेमकं हेच पान गळावं? मी समासात लिहून दिलंय.

स्मरणशक्तीचं अ‍ॅप फुकट मिळतं कोर्सबरोबर. रंगीत ठोकळे, आकडे लक्षात ठेवा वगैरे. माझा स्कोर तीन आठवड्यांत दुप्पट झाला आणि चष्मा तरी रोज शोधतेच आहे. त्यात नवल नाही, अमेरिकेत २,८०० च्या वर ज्येष्ठांवर मोठा प्रयोग झाला होता, त्यात ज्याचा सराव केला ती गोष्ट सुधारली, दुसरीकडे त्याचा उपयोग फारसा झाला नाही. अ‍ॅपच्या पहिल्या पानावर मात्र ‘सकारात्मक विचार करा, साडेसात वर्षं जास्त जगा’. हा आकडा बेका लेव्ही या संशोधक बाईंच्या २००२ च्या अभ्यासातला, खोटा नाहीये, पण तो स्वतःच्या म्हातारपणाकडे लोक कसे बघतात यावर आहे, आणि गटांची सरासरी आहे, तुम्हाला-मला दिलेलं वॉरंटी कार्ड नव्हे. जाहिरातवाल्यांना सांगून उपयोग नाही, जाऊ दे.

पाचवा आठवडा ‘नवे मित्र जोडा’. घरी जाऊन पाच अनोळखी माणसांशी बोलायचा गृहपाठ. मी केला नाही. पुढच्या वेळी त्या मुलीने स्वतःच लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम सांगितलं, की वय वाढतं तसं माणसं ओळखी कमी करतात ते एकटं पडल्यामुळेच असं नाही, उरलेला वेळ कमी आहे हे कळलं की माणूस जवळची चार माणसं ठेवतो आणि बाकीची पांगू देतो, आणि तरुण माणसाला गंभीर आजार झाला तर तोसुद्धा हेच करतो, म्हणजे हा वयाचा नाही, वेळेचा हिशोब आहे. मग म्हटलं, बाई, आधी हे सांगायचं होतंस आणि मग गृहपाठ ठरवायचा होतास. हसली. त्या आठवड्यापासून गृहपाठ ऐच्छिक.

आता कुंडी. यावर मी जरा लांबण लावणार आहे.

१९७६ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांचा, वृद्धाश्रमातला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कधी बघायचा ते तुम्ही ठरवा, हे रोपटं हवं असेल तर घ्या आणि त्याची काळजी तुम्हीच घ्या. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपटं दिलं पण पाणी नर्स घालणार, सिनेमाचा दिवस आम्ही कळवू, तुम्ही निवांत राहा. दोन्हीकडे सोयी सारख्या, पण काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, जास्त हिंडती-फिरती, जास्त खूश. गट लहान होते, पण प्रयोग अजून सांगितला जातो तो उगाच नाही. हे आम्हाला सहाव्या आठवड्यात स्लाइड लावून छान समजावलं. मग टाळ्या, आणि प्रत्येकाला एक कुंडी. सगळ्यांना एकच रोप. कुंडीवर नावाची चिठ्ठी आधीच चिकटवलेली (माझ्या आडनावात वेलांटी चुकलेली). आणि वर सूचना, कुंड्या हॉलमध्येच राहतील, आठवडाभर पाणी आमचा माणूस घालेल.

म्हणजे आम्ही दुसरा मजला!

मी हात वर करून एवढंच म्हटलं आणि मागच्या रांगेतले एक रिटायर्ड इंजिनियर इतके हसले की खोकला लागला त्यांना. त्या मुलीला लगेच कळलं, ती म्हणाली घरी न्या. पण ऑफिसमधून निरोप आला की कुंड्या मोजून ठेवल्यात, कोर्स संपेपर्यंत हलवायच्या नाहीत. दहाव्या आठवड्यात मिळाली, सुकलेली. अर्धा स्टार इथे गेला. स्टार रोपट्यापायी नाही कापला, शिकवता एक आणि वागता भलतंच याच्यापायी कापला.

सात ते नऊ आठवडे मात्र पैसे वसूल. लाइफ रिव्ह्यू म्हणतात त्याला. रॉबर्ट बटलर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ, त्यांनी १९६३ मध्ये मांडलं की म्हातारी माणसं जुन्या गोष्टी उगाळतात ती काही बुद्धी चळल्याची खूण नव्हे, मन आपणहून हिशोब तपासायला बसतं, त्याला जागा द्या. ते असंही म्हणाले की त्यातून कधीकधी माणूस जास्त खचतोसुद्धा, म्हणून ऐकायला कोणी हवं. इथे तेच केलं. आयुष्याची प्रकरणं पाडायची, एकेक प्रकरण एकेक पान, आणि जोडीदाराने दहा मिनिटं फक्त ऐकायचं, सल्ला नाही, "माझ्या बाबतीत पण" नाही.

माझं सहावं पान बहिणीचं होतं. घराच्या वाटणीवरून अकरा वर्षं बोलणं बंद. मी एका ओळीत लिहिलं, मग वाटलं हे इथे कशाला, आणि सवयीने आडवी रेघ मारली. वाचायची पाळी आली तेव्हा जोडीदार म्हणून आलेले गृहस्थ त्या रेघेकडे बघत राहिले, बोलले काहीच नाहीत, नियमच होता. दहा मिनिटं फार मोठी असतात हो. शेवटी मी पेन काढलं आणि खोडलेल्या ओळीखाली टिंबं दिली. प्रूफवाल्यांना कळेल, बाकीच्यांसाठी सांगते, चुकून खोडलं, आहे तसं राहू द्या याची ती खूण. मग ती ओळ वाचली. रडले वगैरे नाही. घरी येऊन झोप चांगली लागली एवढं खरं.

या गृहस्थांचीच अजून एक गोष्ट. सगळ्यांना वाटायचं यांची विसरायची सुरुवात झालीये, विचारावं एक आणि उत्तर दुसरंच. मी त्यांच्या उजवीकडे बसले तेव्हा मात्र एकही उत्तर चुकलं नाही. डावा कान जवळजवळ बंद होता, आणि सहा आठवडे माईक खरखरत होता! ऐकू कमी येणं ही नुसती गैरसोय नाही, डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणाऱ्या आणि ज्यांवर काही करता येतं अशा १४ गोष्टींची यादी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने (लॅन्सेट कमिशन) २०२४ मध्ये दिली त्यात ते आहे. ज्येष्ठांच्या कोर्समध्ये पहिल्या दिवशी मनाचा फॉर्म भरून घेता तर कानाचेही दोन प्रश्न विचारा की. आता त्यांनी मशीन लावलंय आणि भलतेच विनोदी निघाले.

दहावा आठवडा सर्टिफिकेट आणि फोटो. सोडून दिलात तरी चालेल.

कोणी जावं? नुकतेच रिटायर झालेले, जोडीदार गेलेले, किंवा माझ्यासारखे, ज्यांना काही झालेलं नाही पण बोलायला निमित्त नाही. खूप खचलेलं माणूस असेल तर आधी डॉक्टर, कोर्स नंतर. चौकशी करताना तीन गोष्टी विचारा, फॉर्मचा निकाल कधी सांगणार, मनात नसेल तर गृहपाठ टाळता येतो का, आणि माईक चालतो का. खुर्च्यांना हात आहेत, उठायला त्रास होत नाही. जिना आहे, लिफ्ट आहे पण हळू.

भाची परवा विचारत होती, पुढच्या बॅचला आईचं नाव घालू का. म्हटलं आधी तिला विचार. माझ्या वेळी विचारलं नव्हतंस.