जाळीच्या पिशव्या, खरखरीत टेप आणि एक पट्टी: कुलाब्याच्या होडीवर सात महिने

आमची शिडाची होडी 24 फुटांची, दादाच्या आणि माझ्या घराने मिळून घेतलेली. गेटवेच्या दक्षिणेला मोरिंगवर, म्हणजे तळाशी पक्क्या बसवलेल्या दोराला बांधून, उभी असते. आमच्या फेऱ्या लहान असतात. दुपारी खारा वारा धरला की निघायचं, कधी कारंजाच्या दिशेने, कधी संक रॉकच्या दिव्यापर्यंत, आणि उजेड आहे तोवर परत. तीन तास, फार तर चार. नोव्हेंबर 2024 ते मे 2025 या हंगामात अशा चाळीसेक फेऱ्या झाल्या. डेक मोकळा राहावा म्हणून या हंगामात तीन गोष्टी नव्याने बसवल्या: दोरांसाठी जाळीच्या पिशव्या, पाय घसरू नये म्हणून खरखरीत टेप, आणि कमरेचा पट्टा अडकवायला डेकवर लांब ताणलेली वेबिंगची, म्हणजे जाड विणलेली चपटी, पट्टी.

हे सगळं करायची वेळ का आली, ते आधी सांगते. आदल्या हंगामातली, फेब्रुवारीतली गोष्ट. मोरिंगजवळ पोचलो होतो, ओहोटी जोरात होती. दादाने होडी वाऱ्यावर धरली आणि मी मोठ्या शिडाचा हॅलयार्ड, म्हणजे शीड वर-खाली करायचा दोर, सोडला. शीड दोन हात खाली आलं आणि अडकलं. खाली कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या बसायच्या खोलगट जागेत, दोराला पीळ बसून गुंता झाला होता आणि त्या गुंत्यात भाचीच्या सॅकचा पट्टा होता. ती ओरडली, “आत्या, माझा पाय पण आहे गं यात!” शीड अर्धवट फडफडतंय आणि होडी ओहोटीबरोबर मागे, नांगरलेल्या एका बार्जकडे सरकतेय. दादाने टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, गुडघ्यात धरला आणि चाकूने सॅकचा पट्टा कापला, तेव्हा दोर सुटला. तोवर बार्जची साखळी हात लांब केला तर लागेल इतकी जवळ आली होती. भाचीच्या घोट्यावर आठवडाभर लाल वळ होता.

शीड पूर्ण चढलं की हॅलयार्डचा आठ-नऊ मीटर दोर मोकळा होऊन कॉकपिटमध्ये पायाशी येऊन पडतो. त्यात जिबच्या, म्हणजे पुढच्या शिडाच्या, दोन्ही शीट आणि मोठ्या शिडाची मेनशीट (शीट म्हणजे शीड आवळायचा-सैल करायचा दोर) धरली तर चार माणसांच्या पायाखाली सहज तीस मीटर दोर होतो. लांबच्या सफरीला निघणारी माणसं सगळं आवरून, बांधून निघतात. लहान फेरीला “दोन तासांचं तर काम आहे” म्हणत सगळं तसंच राहतं, आणि पाहुणे नेमके लहान फेरीलाच असतात, त्यांच्या डब्यांसकट आणि पाण्याच्या बाटल्यांसकट. आमच्या मोरिंगवर लक्ष ठेवणाऱ्या नाखवांना मी तो प्रसंग सांगितला तेव्हा ते म्हणाले, “ताई, जालं टाकताना आमी आदी पाय बगतो, मंग जालं.” ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

आता पिशव्या. ताडपत्री शिवणाऱ्या एका कारागिराकडून चार शिवून घेतल्या, 2,800 रुपयांत. तळाला आणि समोर जाळी, म्हणजे पाणी निथळून जातं आणि कोणता दोर आत आहे ते बाहेरून दिसतं. पहिल्या महिन्यात त्यांचा उपयोग निम्माच झाला, कारण तोंड मिटून जायचं. एका हाताने विंच (दोर ओढायचा रहाट) धरून दुसऱ्या हाताने पिशवी उघडत बसायला तिथे वेळ कुणाला असतो? शेवटी जुन्या शिडातली फायबरची पट्टी कापून तोंडाच्या नेफ्यात घातली. त्या दिवसापासून तोंड आ वासून उघडं राहतं आणि बसल्या जागेवरून दोर आत टाकता येतो. शिवून घेणार असाल तर हे पहिल्याच वेळी सांगून ठेवा. दोऱ्याचंही सांगा. माझ्या दोन पिशव्या साध्या सुती दोऱ्याने शिवल्या होत्या, जानेवारीतच खारं पाणी आणि ऊन खाऊन टाके सुटले. पॉलिएस्टरच्या दोऱ्याने पुन्हा शिवल्या, त्या अजून धड आहेत.

पिशव्या लावायला डेकला नवीन भोकं पाडली नाहीत. आमच्या होडीच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांच्या मध्ये बाल्सा लाकूड आहे. स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपलं की ते आतल्या आत कुजतं आणि वरून काही कळत नाही. केबिनच्या दाराशी आधीच असलेल्या कड्यांना बारीक दोरीने बांधल्या, झालं.

दोर भरायची रीत मात्र शिकावी लागली. आधी मी क्लीटजवळून (दोर अडकवायच्या खुंटीजवळून) सुरुवात करायचे, हाताला तोच भाग पहिला लागतो म्हणून. मग तो भाग तळाला जातो, आणि शीड उतरवताना सगळ्यात आधी पळायचं असतं त्यालाच. वरच्या वेटोळ्यांना घेऊन तो उसळतो आणि पिशवीच्या तोंडाशी गाठ. आता मोकळं टोक आधी तळाशी सोडते, मग दोर मुठी-मुठीने वर रचत येते, क्लीटजवळचा भाग सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर. वेटोळी करत नाही, नुसता कोंबते. विणलेला दोर असा कोंबलेलाच बरा, गोल गुंडाळला तर त्याला पीळ बसतो. एप्रिलमध्ये वारा अचानक वाढला आणि शीड ताबडतोब खाली घ्यावं लागलं, तेव्हा आठ मीटर दोर पिशवीतून सरसर वर गेला आणि एकदाही अडला नाही. त्या आवाजाने मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही.

चौथी पिशवी पाहुण्यांच्या चपला आणि बाटल्यांसाठी ठेवली. सॅक थेट केबिनमध्ये. चढतानाच घ्यायची, मग कुणाला वाईट वाटत नाही.

टेपबद्दल माझं मत तितकं चांगलं नाही. चिकटवण्याआधी डेक नीट धुतला, वाळवला, तरी सातव्या आठवड्यात कडा उचलायला लागल्या. खरखरीतपणा पायाला चांगला आहे, पण नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, गुडघे टेकून काम करताना सालटं निघतात आणि शीड खाली ओढताना कापड घासतं. मोठा त्रास चिखलाचा. आपल्या बंदरात मोरिंगचा दोर वर घेतला की त्याच्याबरोबर काळा गाळ आणि शेवाळ येतं, ते टेपच्या खरखरीतपणात रुतून बसतं आणि वर घसरडा थर तयार होतो, म्हणजे साध्या डेकपेक्षा वाईट. टेप आता दोनच जागी ठेवली आहे, केबिनच्या पायरीवर आणि डोलकाठीच्या पायथ्याशी. मोरिंग सोडलं की पहिल्यांदा बादलीभर पाणी नाळेवर ओतायचं, ब्रश मारायचा, मगच जिब वर. दोन मिनिटं लागतात आणि टेपपेक्षा याचा उपयोग जास्त झाला.

वेबिंगच्या पट्टीत माझी चूक झाली होती. पहिली नायलॉनची घेतली. नायलॉन भिजलं की ताणतं, ती पट्टी ओली झाली की हातभर सैल पडायची. बदलून पॉलिएस्टरची लावली. दोर न लावता चपटी पट्टीच लावायची, कारण दोर पायाखाली गोल फिरतो. आणि ती कडेने नको, जमेल तितकी मधून न्यावी, म्हणजे तोल गेला तरी पट्टा तुम्हाला पाण्यात पडण्याआधीच धरतो. कमरेचा पट्टा म्हटलं की ओळखीची माणसं लगेच नौदलाच्या दिलीप दोंदे यांची 2009-10 मधली ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरची एकट्याची पृथ्वीप्रदक्षिणा काढतात आणि विचारतात, बंदरात तुम्हाला कशाला हवा? खरं सांगायचं तर चाळीस फेऱ्यांत सहा-सातदाच वापरला, वारा चढलेला असताना कुणी एकटं नाळेवर गेलं तेव्हा. तरी तो मी काढणार नाही. फेरीबोटींच्या लाटा आडव्या येतात तेव्हा बंदरातही माणूस उभ्याचा आडवा होतो.

लाइफजॅकेटचा प्रश्न मात्र आमच्या घरी उरलेला नाही. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसं गेली, ते पाणी आमच्या रोजच्या वाटेवरचं. त्यानंतर जॅकेट अंगात घातल्याशिवाय आमच्या होडीवर कुणी चढत नाही, आईसुद्धा. “उकडतं गं,” म्हणते, पण घालते.

मेमध्ये होडी वर काढली आणि 26 तारखेला पाऊस मुंबईत हजर झाला. पिशव्या गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून गॅलरीत टांगल्या होत्या, त्यांच्यातून चिमूटभर मीठ आणि एक शंख पडला. कारागिराला पाचव्या पिशवीचं माप दिलं आहे, नाळेवरच्या ब्रशसाठी. तो परवापर्यंत कॉकपिटमध्येच लोळत होता आणि मे महिन्यात दोनदा माझ्याच पायाखाली आला.