मूळ भाषेतून की अनुवादातून?

समकालीन आदिवासी भाषांतील साहित्याचा विद्यापीठीय अभ्यासक्रम निवडताना मूळ भाषा शिकत वाचायचे की अनुवादांवर विसंबायचे, हे आधी ठरवावे लागते. अनुवादाधारित वर्गात एकाच सत्रात उत्तर युरोपातील सामी, न्यूझीलंडमधील माओरी, दक्षिण अमेरिकेतील केचुआ अशा अनेक भाषांतील लेखन भेटते. मूळ भाषेच्या वर्गात मोजक्याच कविता वाचून होतात. मात्र १९९१ चा नॉर्डिक परिषदेचा (उत्तर युरोपीय देशांच्या संघटनेचा) साहित्य पुरस्कार मिळालेल्या निल्स-अस्लाक वाल्केआपा यांच्या सामी काव्यग्रंथातील रेनडिअरच्या कळपाची जी कविता इंग्रजी अनुवादातही सामीतच ठेवली आहे, तिच्यापाशी अनुवादाचा वाचक थबकतो (तसे थबकणे हाही धडाच म्हणा), तर भाषा शिकणाऱ्याला रेनडिअरसाठीचे वेगवेगळे शब्द ओळखू येऊ लागतात. हाताशी एकच सत्र असेल तर अनुवाद घ्यावा; दोन वर्षे देता येत असतील तर माझा कौल मूळ भाषेला.